सोळा पट्ट्या आणि पंधरा सह्या

आमच्या वरच्या मोरडातल्या (म्हणजे चढावरच्या, नुसत्या पावसावरच्या शेतातल्या) सगळ्यात लहान कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) माझ्या मुंबईच्या चुलतभावाचा हिस्सा किती येतो माहितीये? साडेबत्तीस चौरस मीटर. त्याचं लग्न गोव्यात नोंदवलेलं, म्हणजे आपल्या कायद्याने त्यातलं अर्धं त्याच्या बायकोचं, उरलं सव्वासोळा. घरासमोर माझी गाडी आणि बाबांची स्कूटर लावतो ती जागा याच्याहून मोठी आहे.

गाव पेडणे तालुक्यातलं, नाव देत नाही कारण घरचे वाचतात. पण शेतीचे तुकडे झाले की नेमकं काय होतं हे आमच्याच घरात गेली पंचवीस-तीस वर्षं चाललंय, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट मांडावं, आकड्यांसकट.

आजोबा कूळ होते, म्हणजे जमीन भाटकाराची आणि कसायचे हे, आणि खंड भाताच्या रूपात जायचा. १९६४ चा कूळ कायदा आला तरी मालकी काही मिळाली नाही, ती मिळाली १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने, त्या दुरुस्तीने कसणारा कूळच मानीव मालक झाला. आजोबांनी पुढे मामलेदाराकडे पैसे भरून सनद घेतली, ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवलेली असायची आणि आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती. एकूण जमीन ५,२०० मीटर. (गोव्यात एकर-गुंठे कोण बोलत नाही, चौरस मीटर, तेसुद्धा नुसतं ‘मीटर’. आजोबा तर मीटरही बोलायचे नाहीत, किती कुडव बियाणं लागतं त्यावर शेत सांगायचे.) म्हणजे सव्वा एकरापेक्षा थोडी जास्त. देशात सरासरी वहिवाट १९७०-७१ साली २.२८ हेक्टर होती ती २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.०८ वर आली, आमचं तर वाटणीच्या आधीच त्या खाली आलेल्या सरासरीच्या निम्म्यावर होतं.

आणि तेही एका जागी नाही. व्हाळाजवळचा (ओढ्याजवळचा) खालचा कुणगा १,९२० मीटर, वडाखालचा १,६०० आणि वर मोरडात दोन, ९०० आणि ७८०. खालच्यात शरद (पावसाळी भात) आणि वायंगण (पावसाळ्यानंतरचं दुसरं पीक) दोन्ही व्हायचं, पावसाळा संपला की व्हाळात मातीचा बांध घालून पाणी पाटाने वळवायचे. मोरडातल्यात फक्त पावसाचं पीक.

आजोबा १९८९ ला गेले, आजी १९९५ ला. मुलं चार, मुंबईला नोकरीला असलेले मोठे काका, गावात राहणारे माझे बाबा, डिचोलीला दिलेली मोठी आत्या आणि शेजारच्याच गावात दिलेली धाकटी आत्या. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा, यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून काही बदललेलं नाही, आणि हे मला अजूनही आपल्या कायद्यातलं सगळ्यात भारी वाटतं, त्यामुळे पुढे जे लिहितोय त्याचा अर्थ ‘मुलींना वाटा दिला म्हणून तुकडे झाले’ असा कोणी काढू नये. बायकोच्या माहेरी, सावंतवाडीकडे, १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे आणि तिथल्या आत्यांनी हक्कसोडही करून दिलंय, तरी त्यांच्या शेताचे तुकडे आमच्यापेक्षा लहान आहेत.

१९९६ च्या एप्रिलमध्ये वाटणी झाली. घरगुती, वकील नाही, सर्व्हेअर नाही. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, सुंभाचं एक टोक धरायला मला उभं केलेलं म्हणून लख्ख आठवतंय. चार भावंडं आणि चार कुणगे, सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येकाला एक देऊन टाकायचं आणि मापातला फरक पैशाने भरून काढायचा, असं गावातल्या एका जाणत्याने सुचवलं पण होतं. कोणालाच पटलं नाही. खालचा ज्याला जाईल त्याला दोन पिकं आणि मोरड ज्याला जाईल त्याला एकच, ते पण पाऊस टिकला तर. मोठी आत्या म्हणाली, "सगळ्यांना सगळीकडे मिळूं दे, मागाहून कोणी कोणाच्या तोंडाला लागायला नको." मग प्रत्येक कुणग्याचे चार-चार भाग, चिठ्ठ्या टाकून. बांबूच्या खुंट्या मारल्या, पंधरा दिवसांत मेरा, म्हणजे मधले मातीचे बांध, घातल्या. चार कुणग्यांच्या सोळा पट्ट्या झाल्या. प्रत्येकाला ४८०, ४००, २२५ आणि १९५ मीटर, बेरीज बरोबर १,३००. न्याय अगदी काट्यावर तोललेला.

आणि ते वेडेपणाचं नव्हतं बरं का. जुलैमध्ये पावसाने दडी मारली की मोरड करपतं, ऑगस्टमध्ये व्हाळ फुगला की खालचं कुजतं, चारही ठिकाणी थोडं थोडं असलं की कोणत्याही वर्षी घरात भात येतंच. इन्शुरन्सच म्हणा. बैलांचं जोत असताना बारा मीटर रुंदीच्या पट्टीत काही अडायचं पण नाही, जोत मेरेवरून उचलून पलीकडे घालायचे. तेव्हाच्या हिशेबाने वाटणी बरोबरच होती.

पुढचं गणित मी करून बघितलं २०२१ च्या मे महिन्यात, टेप घेऊन. खालचा कुणगा ४८ बाय ४०. त्याच्या १२ मीटर रुंद आणि ४० मीटर लांब अशा चार पट्ट्या. मध्ये तीन नव्या मेरा, प्रत्येक साधारण दोन फुटी, म्हणजे ७२ मीटर जमीन मेरेखाली गेली. पावणेचार टक्के, ऐकायला काहीच नाही. पण कडा बघा. आधी कुणग्याची कड १७६ मीटर होती, आता चार पट्ट्यांच्या कडा मिळून ४१६. आणि शेतात जे काही बिघडतं ते कडेनेच सुरू होतं, मेरेत उंदरांची बिळं, कुर्ल्यांची भोकं, त्यातून पाणी गळणार, मेरेवरचं तण आत उतरणार, ट्रॅक्टर कोपऱ्यात पोचत नाही तिथे कुदळ घेऊन माणूस उभा करायला लागणार. मेर लिंपायची मजुरी तर वेगळीच, आणि ती कोणी भरायची यावरून आमच्याकडे दोन वर्षं अबोला होता, कारण मेर दोघांची.

मोरडातल्या लहान कुणग्यात पट्टी साडेसात मीटर रुंद. पॉवर टिलर वळवायला जागा लागते तेवढीच जवळजवळ.

खरी गोची झाली ती हार्वेस्टर आल्यावर. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये मशीन बाहेरून येतं, चार दिवस आपल्या भागात असतं, तासावर पैसे, आणि ड्रायव्हरला घाई. कापायला माणसं मिळत नाहीत तेव्हा मशीनशिवाय इलाज नाही. आता सीन असा की पहिल्या पट्टीत बाबांनी ज्योती लावलेलं, लाल तांदूळ, लवकर तयार होतं, आणि चौथ्या पट्टीत धाकट्या आत्याकडच्यांनी जया, ते मागून पिकतं. एक पट्टी पिवळी तर तिसरी हिरवी. पहिली कापायची म्हणजे मशीन खालून रस्त्याकडून येणार आणि येताना हिरव्या भातावरून जाणार. दोन वर्षं ड्रायव्हरने लांबून बघितलं आणि पुढच्या शेताडात निघून गेला. बाबांनी ती दोन्ही वर्षं विळ्याने कापलं, एका वर्षी अर्धं भिजलं. मेरेवर बसून दाण्याला कोंब फुटलेली लोंबी बोटांनी चोळत होते, काही बोलले नाहीत.

पाण्याची गोष्ट त्याहून वाईट. पाणी पाटातून पहिल्या पट्टीत, तिथून मेर फोडून दुसरीत, मग तिसरीत, चौथीत, असंच भातशेतीत पाणी फिरतं, प्रत्येकाला वेगळा पाट नसतो. दुसरी पट्टी मोठ्या काकांची. काका मुंबईला, बाबा त्यांची पट्टी कसायचे आणि मे महिन्यात त्यांना तांदूळ द्यायचे. २००९ ला काका गेले आणि त्यानंतर एका गणपतीला काकीने सांगितलं की आमची पट्टी यंदा नको करू. कारण नंतर कळलं. कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं की दुसऱ्याने सतत कसलं की कूळ लागतं, मग जमीन हातची जाते. सख्खा दीर हो! आता घरातला माणूस, तोही सहवारस, असा कूळ होत नाही, हे वकिलाने पण सांगितलं, पण भीती ती भीती. गोव्यात अर्धी पडीक शेतं याच भीतीने पडीक आहेत असं माझं प्रामाणिक मत. आजोबांना ज्या कायद्याने जमीन मिळाली त्याच कायद्याला घाबरून आज कुळांचे वारस जमीन कोणाला कसायला देत नाहीत.

तर दुसरी पट्टी पडीक. एका वर्षात गुडघाभर गवत, दोन वर्षांत झुडपं, उंदरांची वसाहत, रानडुकरांना लपायला जागा. मेर फुटली ती कोणी बांधली नाही, पाणी तिथेच पसरून मुरायचं आणि तिसऱ्या-चौथ्या पट्टीत पोचायचंच नाही. पावसाळ्यात चाललं कसंतरी, वायंगण मात्र बंद पडलं, आधी त्या दोन पट्ट्यांचं आणि मग बाबांचंही, कारण एका पट्टीसाठी व्हाळात बांध घालायला एकटा माणूस कुठे पुरणार. म्हणजे ४८० मीटर पडीक ठेवले आणि १,९२० मीटरचं दुसरं पीक गेलं. शेजारच्यांचा पण त्रास वाढला, आमच्या खालच्या बाजूला दुसऱ्या घराण्याचे कुणगे आहेत, त्यांच्याकडे पाणी आमच्यातूनच जायचं. त्यांच्यातल्या एकाने कंटाळून शेवटी चिऱ्याचं कुंपणच घातलं, आणि मशीनची वाट अजून अरुंद झाली.

हे सगळं जमिनीवरचं. कागदावर काय आहे? कागदावर काहीच झालेलं नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सातबारा म्हणा) आजही आजोबांचं नाव, चार सर्व्हे नंबर, अख्खे. शेतात सोळा तुकडे आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक माणूस, तो जाऊन पस्तीसपेक्षा जास्त वर्षं झालेली.

याचा फटका कधी बसतो? सबसिडीच्या वेळी. कृषी कार्डासाठी माझ्या आतेभावाने, म्हणजे धाकट्या आत्याच्या मुलाने, कागद गोळा केले तेव्हा बाकीच्या वारसांची नाहरकत लागली. किती जणांची ते मोजायला बसलो. आपल्याकडे लग्न झालं की जनरल पद्धतीत नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते, वडिलोपार्जित धरून, त्यामुळे जावई आणि सुना पण हिशेबात येतात. मोठी काकी, तिची तीन मुलं, त्यातल्या दोघांचे जोडीदार, सहा. बाबा आणि आई, आठ. मोठ्या आत्याचे मिस्टर गेले, त्यांचा अर्धा हिस्सा मुलांकडे उतरला, म्हणून आत्या, दोन मुलं, दोघांचे जोडीदार, तेरा. धाकटी आत्या आणि तिचे मिस्टर. पंधरा. सव्वा एकरामागे पंधरा सह्या, त्यातल्या पाच मुंबईत आणि एक दुबईत.

माझं म्हणणं इथेच आहे. लोक तुकड्यांबद्दल बोलतात तेव्हा मेरा मोजतात. मेर एका सकाळी फोडता येते, फावडं घ्या आणि चला. सह्यांचे तुकडे झाले की ते जोडायला फावडं नाही.

कायद्यात सोय नाही असं पण नाही. इन्व्हेंटरी नावाचा प्रकार आहे, पूर्वी सिव्हिल कोडखाली चालायचा, आता २०१२ च्या वारसा कायद्याखाली चालतो, तो कायदा लागू झाला डिसेंबर २०१६ मध्ये. मालमत्तेची यादी करायची, वारस बोलवायचे आणि लिसिटेशन, म्हणजे वारसांतल्या वारसांत बोली. ज्याची बोली जास्त त्याला ती वस्तू अख्खी मिळते आणि त्याने बाकीच्यांच्या हिश्श्याचे पैसे भरायचे. तुकडे टाळायला याच्यापेक्षा चांगलं काय असणार? खालचा कुणगा आतेभावाने घेतला असता, त्याच्याकडे पॉवर टिलर आहे, वय चाळीसच्या आत आहे आणि हौस आहे. अडलं ते किमतीवर. मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं, पण पेडण्यातल्या जमिनीचे भाव त्याच्या कितीतरी आधीपासून हवेत होते. मुंबईचा चुलतभाऊ बोली लावणार ती प्लॉटच्या भावाने, आणि भात विकून प्लॉटचा भाव कोण भरणार?

मी त्याला फोनवर सांगितलं, अरे ही कुळाची जमीन, १९९१ च्या लँड यूज कायद्याने कुळाला मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, विकायची तरी मामलेदाराची परवानगी लागते, आणि आता २०२३ च्या कायद्याने तर भातशेती शेतकरी नसलेल्याला विकताच येत नाही, मग प्लॉटचा भाव कुठून आणतोस? तो म्हणाला, "दादा, कायदे बदलतात." आता याला काय उत्तर देणार, गोव्यात राहून झोन बदलताना मी पण बघितलेच आहेत. तो लोभी नाही, बोरिवलीच्या वन बीएचकेत राहतो आणि गावात आपली पण जमीन आहे एवढाच त्याला आधार. त्याच्या बाजूने बघितलं तर थांबायला काही खर्च नाही. खर्च शेजारच्या पट्टीवाल्याला होतो.

मग २०२१ ला काय केलं ते सांगतो. लॉकडाऊनमध्ये चुलतभाऊ पाच महिने गावात अडकलेला, त्याने पहिल्यांदा ती दुसरी पट्टी नीट बघितली, आत शिरताच येईना. काकी पण आलेली. आतेभावाने विषय काढला की मालकीचं कोणी बोलायचंच नाही, फक्त मेरा काढायच्या आणि खालचा आणि वडाखालचा असे दोन कुणगे एकत्र करायचे. अदलाबदल करून प्रत्येकाला एका जागी द्यायचा पण विचार झाला होता, पण कुळाच्या जमिनीत अदलाबदलीलाही परवानगी लागते आणि त्याला परत पंधरा सह्या, म्हणून सोडला.

काकीचा एकच प्रश्न, मेर गेली तर माझी जागा कुठली हे मला कसं कळणार? रास्त प्रश्न आहे. त्यावर बाबांनी तोडगा काढला. प्रत्येक मेरेच्या दोन्ही टोकांना, बाहेरच्या मोठ्या मेरेत, चिरा पुरायचा, वर अर्धा वीत दिसेल असा, मशीनच्या वाटेत येणार नाही. दोन कुणग्यांत बारा चिरे. काकीने प्रत्येक चिऱ्याजवळ उभं राहून मोबाइलवर लोकेशनसकट फोटो काढून घेतला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. स्टॅम्प पेपरवर एक पानी लिहिलं की आतेभाऊ सगळ्यांच्या वतीने कसतोय, कुळाचा हक्क सांगणार नाही, कोणालाही दर एप्रिलमध्ये बाहेर पडता येईल. कोर्टात ते किती टिकेल देव जाणे, पण काकीला रात्री झोप लागली.

मेरा फोडायला एक सकाळ पुरली. उंदीर इतके निघाले की गल्लीतली कुत्री दुपारपर्यंत हलली नाहीत.

पहिल्या शरदाला दोन्ही कुणग्यांत मिळून ३,५२० मीटर, एकच बियाणं, ज्योती. मशीन आलं, थांबलं, दोन्ही शेतं दीड तासाच्या आत कापून गेलं. भात अकरा क्विंटलच्या आसपास. सोसायटीला घातलं, खर्च वजा केला, उरलेल्यातलं अर्धं आतेभावाचं आणि अर्ध्याचे चार वाटे. एका वाट्याला आले चौदाशे की पंधराशे रुपये. चुलतभावाने ग्रुपवर हसायचा इमोजी टाकला. खरंय, मुंबईहून यायला त्याला याच्यापेक्षा जास्त लागतात. जमीन जोडली की शेतकरी मालामाल, असलं काही मी सांगणार नाही, अर्ध्या हेक्टरच्या भातात मुळात पैसा नाही. पण आतेभावाचा हिशेब वेगळा आहे. त्याच्याकडे टिलर आधीच होता, हे एकत्र झालं तसं शेजारच्या दोन घरांनी पण आपापले कुणगे त्याला करायला दिले, तोच एकपानी कागद बदलून, आणि आता तो हेक्टरभराच्या वर करतो. चिऱ्याच्या कुंपणवाल्याने पण एका बाजूने मशीनपुरती फट ठेवलीय.

दुसऱ्या वर्षापासून पैसे वाटायचे बंद केले. वाटा तांदळाने घ्यायचा, उकडा. यावर कोणाचीच तक्रार नाही, अगदी बोरिवलीहूनही. काकी ग्रुपवर पेजेचा फोटो टाकते.

वायंगण २०२३ ला परत घेतलं, खालच्यात फक्त. व्हाळात बांध घालायला सात माणसं जमली, त्यात मी पण, दुसऱ्या दिवशी ऑफिसला रजा टाकली कंबरेमुळे. यंदा व्हाळ फेब्रुवारीतच आटला, तेव्हा पुढच्या वर्षी भाताऐवजी चवळी-अळसांदे घालायचं चाललंय, बघू.

मोरडातले दोन कुणगे मात्र तसेच. तिथे मशीन चढत नाही, पाणी नाही, आणि मुख्य म्हणजे ते रस्त्याला लागून आहेत. १,६८० मीटर, आठ पट्ट्या. मेरा अजून ओळखू येतात, झुडपं त्यांच्यावरच जास्त वाढलीयत म्हणून. मागच्या दिवाळीत चुलतभाऊ आला तेव्हा आम्ही दोघं वर गेलो होतो. त्याने मोबाइल काढला, काकीने काढले होते तसे चिऱ्यांचे फोटो काढायला, आणि मग लक्षात आलं की इथे आपण चिरे पुरलेच नव्हते. त्याची साडेबत्तीस मीटर त्या हिरव्या रानात नेमकी कुठे हे बाबांना विचारायला लागेल, त्यांनाच आठवतंय, आणि त्यांचे गुडघे आता वर चढू देत नाहीत.